रिकार्दो झामोरा : कारकिर्दीचा आरंभ

रिकार्दो झामोरा मार्तिनेझ (जन्म : बार्सिलोना, २१ जानेवारी १९०१, मृत्यू : बार्सिलोना, ८ सप्टेंबर १९७८) हे स्पेनचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक होते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील जगातील श्रेष्ठ गोलरक्षकांमध्ये त्यांची गणना होते. स्पेनमध्ये त्यांना एल दिव्हिनो, म्हणजे दैवी, या टोपणनावाने ओळखत. राष्ट्रीय संघातून ते ४६ सामने खेळले. वयाच्या पंधराव्या वर्षी झालेले पदार्पण, एकाच शहरातील दोन प्रतिस्पर्धी क्लबांमधील त्यांची ये-जा आणि १९२०च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक या घटना त्यांच्या पहिल्या सहा-सात वर्षांतील आहेत. हौशी खेळ म्हणून वाढलेला स्पॅनिश फुटबॉल याच काळात व्यवसायाकडे वळत होता. झामोरांच्या सुरुवातीच्या कारकिर्दीत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते.

बालपण

झामोरांचा जन्म बार्सिलोनातील सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि मुलानेही वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्या काळी स्पेनमध्ये फुटबॉल हा तरुणांचा फावल्या वेळातील छंद मानला जाई. त्यावर उदरनिर्वाह करता येईल, असे कोणी समजत नसे. शिक्षण आणि खेळ यांतील ही ओढाताण झामोरांच्या पहिल्या वर्षांत कायम राहिली. शेवटी त्यांनी फुटबॉलच निवडला.

बार्सिलोना हे स्पेनमधील फुटबॉलचे एक प्रमुख केंद्र होते. एफ.सी. बार्सिलोना हा क्लब १८९९मध्ये हान्स गाम्पर या स्विस गृहस्थांनी स्थापन केला होता व त्यात परदेशी खेळाडूंचा भरणा होता. १९००मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी एस्पान्योल हा क्लब काढला. आपला संघ स्थानिक खेळाडूंचा आहे, हे नावातूनच सांगण्याचा त्यांचा हेतू होता. या दोन क्लबांमधील चुरस शहराच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनली होती.

एस्पान्योलमध्ये पदार्पण

किशोरवयात युनिव्हर्सिटरी या संघातून खेळल्यानंतर झामोरा एस्पान्योलमध्ये आले. एप्रिल १९१६मध्ये माद्रिद संघाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी पहिल्या संघातून पदार्पण केले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

त्या काळी गोलरक्षकाचे काम आजच्यापेक्षा अधिक जोखमीचे होते. चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला प्रतिस्पर्ध्याने खांद्याने धक्का देणे नियमात बसत असे. चेंडू पकडून उभे राहिल्यास गोलरक्षक चेंडूसह गोलमध्ये ढकलला जाण्याचा धोका होता. १९१२पासून गोलरक्षकाला फक्त स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातच चेंडू हाताळण्याची मुभा उरली होती. त्यामुळे गर्दीत चेंडू पकडण्यापेक्षा तो दूर फेकणे अनेकदा सुरक्षित ठरे. झामोरा यासाठी कोपर व हाताच्या पुढच्या भागाचा उपयोग करत. ही पद्धत पुढे त्यांच्याच नावाने झामोराना म्हणून ओळखली गेली. उंच व धिप्पाड शरीर, चपळाई आणि चेंडूच्या दिशेचा अचूक अंदाज हे त्यांचे विशेष होते. बंद गळ्याचा स्वेटर आणि सपाट टोपी हा त्यांचा पोशाख पुढे त्यांची ओळख बनला.

तेव्हा स्पेनमध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्हती. प्रत्येक प्रांताची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा होई आणि तिच्यातील विजेते संघ कोपा देल रे, म्हणजे राजाचा चषक, या स्पर्धेत उतरत. त्यामुळे कॅटलोनियाच्या अजिंक्यपदाला मोठे महत्त्व होते. १९१७-१८च्या हंगामात एस्पान्योलने हे अजिंक्यपद मिळवले. त्या वेळी झामोरा सतरा वर्षांचे होते.

बार्सिलोनातील वर्षे

१९१९मध्ये क्लबच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने झामोरांनी एस्पान्योल सोडला व ते एफ.सी. बार्सिलोनात दाखल झाले. लोकप्रिय तरुण गोलरक्षकाने थेट प्रतिस्पर्धी क्लबात जाणे ही एस्पान्योलच्या समर्थकांना दुखावणारी गोष्ट होती. क्लबच्या रंगांशी निष्ठा की खेळाडूचे स्वातंत्र्य, हा प्रश्न यानिमित्ताने पुढे आला.

बार्सिलोनाचे प्रशिक्षक तेव्हा इंग्लंडचे जॅक ग्रीनवेल होते. संघात पाउलिनो अल्कांतारा, फेलिक्स सेसुमागा आणि झामोरांचे जवळचे मित्र जोसेप सामितिएर असे नामवंत खेळाडू होते. झामोरांच्या तीन वर्षांच्या काळात क्लबने कॅटलोनियाचे अजिंक्यपद राखले आणि कोपा देल रे दोनदा जिंकली. १९२०चा अंतिम सामना गिखोन येथे झाला व त्यात बार्सिलोनाने अॅथलेटिक बिल्बाओचा २-० असा पराभव केला. १९२२मध्ये व्हिगो येथे इरुनच्या रेआल युनियनवर ५-१ असा विजय मिळाला. या यशामुळे प्रेक्षकांची संख्या वाढली. मे १९२२मध्ये क्लबने लेस कोर्त्स येथे मोठे मैदान सुरू केले.

अँटवर्प ऑलिंपिक

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी स्पेनने प्रथमच राष्ट्रीय फुटबॉल संघ उभा केला. पाको ब्रू यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात बास्क प्रांतातील खेळाडूंचे प्राबल्य होते. एकोणीस वर्षांच्या झामोरांची गोलरक्षक म्हणून निवड झाली. २८ ऑगस्ट १९२० रोजी ब्रसेल्स येथे डेन्मार्कविरुद्ध स्पेनचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. डेन्मार्कने मागील दोन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले होते. पात्रिसिओ अराबोलाझा यांच्या एकमेव गोलवर स्पेनने तो सामना १-० असा जिंकला. गोल होऊ न देणाऱ्या झामोरांचे नाव या सामन्याने स्पेनबाहेर पोहोचले.

दुसऱ्याच दिवशी यजमान बेल्जियमने स्पेनला ३-१ असे हरवले. पुढे अंतिम सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेलेला चेकोस्लोव्हाकियाचा संघ बाद ठरला आणि पराभूत संघांमध्ये उरलेल्या पदकांसाठी सामने घेण्यात आले. त्यात स्पेनने स्वीडनला २-१ व इटलीला २-० असे हरवले. इटलीविरुद्ध प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारल्याबद्दल पंचांनी झामोरांना मैदानाबाहेर काढले. संयम सुटल्याचा हा प्रसंग त्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील उणी बाजू ठरला. अखेर नेदरलँड्सवर ३-१ असा विजय मिळवून स्पेनने रौप्यपदक पटकावले. या पदकामुळे स्पेनमध्ये फुटबॉलची लोकप्रियता झपाट्याने वाढली आणि संघातील तरुण खेळाडू वृत्तपत्रांचे विषय झाले.

एस्पान्योलमध्ये पुनरागमन

१९२२मध्ये झामोरा एस्पान्योलमध्ये परतले. या वेळी मोबदल्याचा प्रश्न उघडपणे पुढे आला होता. नियमांप्रमाणे खेळाडू हौशी असले, तरी मोठे क्लब नामवंत खेळाडूंना निरनिराळ्या मार्गांनी पैसे देत असत. सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न वाढत असताना ज्यांच्यासाठी प्रेक्षक येतात त्यांनी विनामोबदला खेळावे, ही अपेक्षा टिकणारी नव्हती. आपल्या खेळाचे मोल मागणाऱ्या पहिल्या स्पॅनिश खेळाडूंपैकी झामोरा एक होते. त्यामुळे काहींनी त्यांना लोभी ठरवले. मात्र चारच वर्षांनी, १९२६मध्ये, स्पॅनिश फुटबॉल महासंघाने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

एस्पान्योलचे सारिया येथील मैदान १९२३मध्ये सुरू झाले. झामोरांच्या या दुसऱ्या कालखंडात क्लबने १९२९मध्ये प्रथमच कोपा देल रे जिंकली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ला लीगा या राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या पहिल्या हंगामातही झामोरा एस्पान्योलकडून खेळले. १५ मे १९२९ रोजी माद्रिद येथे स्पेनने इंग्लंडला ४-३ असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा हा पहिलाच पराभव होता. स्पेनचे गोलरक्षक झामोराच होते.

पुढील कारकीर्द व वारसा

१९३०मध्ये रेआल माद्रिदने झामोरांसाठी दीड लाख पेसेटा मोजले. स्पेनमध्ये तोवर कोणत्याही गोलरक्षकासाठी एवढी रक्कम दिली गेली नव्हती. माद्रिदकडून त्यांनी १९३१-३२ व १९३२-३३ची ला लीगा, तसेच १९३४ व १९३६चा राष्ट्रीय चषक जिंकला. यांपैकी १९३६चा अंतिम सामना व्हॅलेन्सिया येथे त्यांच्या जुन्या क्लबाविरुद्ध, म्हणजे बार्सिलोनाविरुद्ध, झाला. अखेरच्या क्षणी जोसेप एस्कोला यांचा फटका अडवून त्यांनी संघाचा २-१ असा विजय निश्चित केला. त्यानंतर काही आठवड्यांतच यादवी युद्ध सुरू झाले. झामोरांना माद्रिदमध्ये तुरुंगवास घडला व त्यांच्या मृत्यूच्या अफवाही पसरल्या. सुटकेनंतर ते फ्रान्सला गेले आणि नीस संघाकडून खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी आत्लेतिको आव्हियासिऑनला १९४० व १९४१ मध्ये ला लीगाचे विजेतेपद मिळवून दिले.

ला लीगात सामन्यांच्या प्रमाणात सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला मार्का हे क्रीडा दैनिक दर हंगामात झामोरा करंडक देते. ज्या खेळाचा मोबदला मागितल्याबद्दल झामोरांवर टीका झाली, तो खेळ आज स्पेनमधील मोठा व्यवसाय आहे आणि त्यातील गोलरक्षकांचा सर्वोच्च सन्मान त्यांच्याच नावाने दिला जातो.