डॉ. वसंत रामजी खानोलकर : तुकडा पाहून रोग ओळखणारे डॉक्टर



आपल्या बुऱ्हाणपुरातल्या मराठी घरांना मुंबईचे परळ तसे परके नाही. कोणाचे काका, कोणाची आत्या, कोणाचे शेजारी, असे कोणीतरी कधीतरी फाईल काखेत धरून रात्रीच्या गाडीत बसलेले असते. भुसावळ, नाशिक, कल्याण करत पाचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, मग दादरला उतरून टाटा हॉस्पिटल. तिथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो तो बायोप्सीच्या रिपोर्टचा. रिपोर्ट घरून नेलेला असला तरी बहुधा स्लाइड आणि ब्लॉक मागवून ते पुन्हा तपासतात. पेशंटला वाटते, एवढ्या लांब आलो आणि परत तेच. पण त्या परत तपासण्याच्या शिस्तीमागे ज्यांचा हात आहे, त्या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून वैद्यक क्षेत्रात त्यांना मान आहे. त्यांची ओळख मंडळाच्या कुटुंबांना व्हावी म्हणून हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन उभी हयात बँकेत काढली. तेव्हा वैद्यकीय भाग जेवढा आम्हाला समजला तेवढाच, सोप्या शब्दांत, इथे मांडत आहोत.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा. आडनावावरून मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचे खानोली असावे हे कोकणातल्या मंडळींच्या लगेच लक्षात येईल. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजी विषयातली एम.डी. पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी विलायतेची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते. खानोलकरांनी मात्र ज्या शाखेत पेशंट समोर बसत नाही, तीच आपली मानली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी पॅथॉलॉजी शिकवली.

याच सुमारास परळला एक मोठी गोष्ट घडत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटा ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून खानोलकरांना बोलावले गेले. वय सेहेचाळीसच्या घरात. तिथून पुढचे त्यांचे आयुष्य कर्करोगाच्या अभ्यासाचे झाले.

आता प्रयोगशाळेत नेमके काय चालते ते पाहू, कारण त्याशिवाय या माणसाचे मोल कळणार नाही.

गाठीचा किंवा जखमेचा जो छोटा तुकडा डॉक्टर काढतात, तो सडू नये म्हणून लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकतात. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढून टाकतात आणि तो मेणात बसवतात. हाच तो ब्लॉक. त्या मेणाच्या वडीचे यंत्राने इतके पातळ काप काढतात, की एका कापाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी कमी भरते. काप काचेवर घेतला तरी डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून तो रंगवावा लागतो. एक निळसर-जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. तो पक्का बसावा म्हणून त्यात तुरटी घालतात. बुऱ्हाणपूर हे कापडाचे गाव, त्यामुळे रंग पक्का करायला तुरटी लागते हे आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पेशीचे केंद्र या रंगाने निळे होते आणि बाकीचा भाग दुसऱ्या रंगाने गुलाबी होतो. मग मायक्रोस्कोपखाली पेशी स्पष्ट दिसू लागतात.

पाहायचे काय? बँकेतली उपमा द्यायची तर आम्ही चेकवरची सही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहत असू. वर्षानुवर्षे हजारो सह्या पाहिलेल्या नजरेला खोटी सही लगेच खटकते. एखादे वळण वेगळे, एखादी रेघ थरथरलेली. पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यातही निरोगी पेशींचे असे नमुना कार्ड पक्के बसलेले असते. पेशींची केंद्रे वाजवीपेक्षा मोठी आणि गडद झाली आहेत का, एकीसारखी दुसरी दिसत नाही का, त्या भराभर आणि वेड्यावाकड्या विभागत आहेत का, हे तो पाहतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, पेशी आपली हद्द ओलांडून खालच्या थरात घुसल्या आहेत का. हद्द ओलांडली नसेल तर गोष्ट वेगळी, ओलांडली असेल तर वेगळी. संशय राहिला तर तो आणखी काप मागवतो, दुसऱ्याला दाखवतो. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात, तसेच हे. ऑपरेशन किती मोठे करायचे, शेक द्यायचे की औषध, हे सगळे त्या काचेवरच्या कापावर ठरते. निदानच चुकले तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

ही नजर एका माणसापुरती राहू नये, तिची शिस्त व्हावी, यासाठी खानोलकर झटले. टाटामध्ये त्यांनी प्रत्येक तुकड्याबरोबर पेशंटची माहितीही महत्त्वाची मानली. गाव कोणते, वय काय, काम काय, सवयी काय. इथून त्यांच्या कामाने वेगळेच वळण घेतले.

त्या काळी असा एक समज होता, की कर्करोग हा मुख्यतः गोऱ्या लोकांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो विरळा. खानोलकरांना हे पटले नाही. आपल्याकडे तो दिसत नाही, कारण पेशंट इस्पितळापर्यंत येत नाही, आलाच तर तुकडा तपासला जात नाही. शिवाय आपली माणसे म्हातारपण येण्याआधीच इतर रोगांनी दगावतात. 1944 साली त्यांनी मुंबईत आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एका शहरात एका अवयवाचे एवढे रुग्ण, हे आकडे पाहिल्यावर तो रोग इथे विरळा आहे असे म्हणणे अवघड झाले.

पुढच्याच वर्षी, 1945 मध्ये, सहकारी बी. सूर्यबाई यांच्याबरोबर त्यांनी भारतातल्या तीन वेगळ्या प्रकारच्या कर्करोगांवर लिहिले. तिन्हींचा संबंध लोकांच्या सवयींशी होता. आंध्रच्या किनाऱ्याकडे काही लोक, विशेषतः बायका, चुट्टा नावाची चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढत. त्यांना टाळूचा कर्करोग होई. उत्तरेकडे खैनी, म्हणजे तंबाखू आणि चुना, खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याची सवय. त्यांना बरोबर त्याच खाचेत रोग होई. आणि तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळून बांधल्याने कातडी काळी-पांढरी पडते, जाड होते, चिघळते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. पुढच्या काळात साडीच्या परकराची नाडी घट्ट बांधल्याने असेच झाल्याच्याही नोंदी डॉक्टरांनी केल्या.

हे वाचून आम्ही थबकलो. आमच्या आजोबांच्या पिढीत धोतराखेरीज दुसरे काही कोणी नेसत नसे, आणि कमरेवरचा तो काळा पट्टा आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. त्याकडे कोणी रोग म्हणून पाहिले नाही. खानोलकरांनी पाहिले, कारण ते याच मातीतले होते. धोतर कसे नेसतात, चुना तंबाखूत कसा मळतात, हे त्यांना माहीत होते. काचेवरची पेशी आणि माणसाची रोजची राहणी यांची सांगड घालणे हे त्यांचे खरे मोठेपण, असे आम्हाला वाटते. तीन अगदी वेगळ्या सवयी, पण तिन्हींत रोग तिथेच होतो जिथे रोज घासले किंवा भाजले जाते. याचा अर्थ असा, की यातले बरेच कर्करोग नशिबाने येत नाहीत. सवय सोडली तर ते टाळता येतात.

1952 साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले, त्याचे संस्थापक संचालक खानोलकर. त्यांनी माणसेही घडवली. पुण्याच्या कमल रणदिवे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत जाऊन पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. त्या दिवसांत संशोधनात येणाऱ्या मुलींना प्रयोगशाळेचे दार असे उघडे मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. कुष्ठरोगावरही खानोलकरांनी मोठे काम केले. तो रोग मज्जातंतूंत कसा शिरतो याचा अभ्यास त्यांनी त्याच मायक्रोस्कोपखाली केला. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. 1960 ते 1963 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषणही मिळाले. 1966 मध्ये त्यांचे संशोधन केंद्र आणि हॉस्पिटल एकत्र येऊन आजचे टाटा मेमोरियल सेंटर झाले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

आता हा लेख लिहिण्याचे खरे कारण सांगतो. आमच्या थोरल्या बंधूंना तंबाखू-चुन्याची सवय होती. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, ती महिना उलटला तरी भरेना. डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितला. घरात सगळ्यांचे एकच, की सुई-सुरी लागली की रोग पसरतो. आम्ही स्वतः शिकलेले, बँकेत अधिकारी, पण तेव्हा आम्हीही गप्प बसलो. काढे झाले, लेप झाले. सात-आठ महिन्यांनी परळ गाठले तेव्हा मानेत गाठी आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी होईल तेवढे केले. दादा पुढे दीड वर्ष काढू शकले. रोग सुईने पसरला नव्हता, आमच्या वाट पाहण्याने पसरला होता. हा हिशोब आम्ही अजूनही मिटवू शकलेलो नाही.

म्हणून मंडळाच्या कुटुंबांना हात जोडून काही गोष्टी सांगायच्या आहेत. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दाखवा. डॉक्टरांनी तुकडा तपासायचा म्हटले तर नाही म्हणू नका. तपासणीने रोग पसरण्याचा धोका अगदीच क्वचित असतो आणि त्याची काळजी डॉक्टर घेतात; न तपासण्याचा धोका मात्र रोज वाढतो. कुठलीही गाठ काढली तर ती फेकू देऊ नका, तपासायला पाठवायला सांगा. रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक हे आपल्या घराच्या दस्तऐवजासारखे जपा, दुसरे मत घेताना तेच लागतात. आणि बहुतेक वेळा त्या रिपोर्टमध्ये कर्करोग नाही असेच लिहिलेले असते, हेही लक्षात ठेवा.

आपल्या मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण तंबाखू-चुन्याची डबी अजून घराघरांत आहे, लग्नाच्या पंगतीनंतर ती हातोहात फिरते. खानोलकरांनी खैनीबद्दल लिहिले त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. काम त्यांनी केले, आपले राहिले आहे. पुढच्या कार्यात ती डबी आपल्यापर्यंत आली, तर ती पुढे न देता तिथेच थांबवावी. आम्ही आमच्या घरात सुरुवात केली आहे.