सार्वजनिक काका आणि १८७६ चा दुष्काळ

नरसंहार म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तलवारी नि बंदुका येतात. पण हत्यार न उचलताही लाखो माणसं मरू दिली जातात, तेव्हा दोष कुणाचा? हे समजावताना मला गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात झाला. पुढे पुण्यात नोकरी, मग वकिली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. ते स्वतः सूत कातायचे आणि खादी वापरायचे. (आपण वर्गात स्वदेशीची सुरुवात थेट टिळकांपासून करतो, हे जरा चुकतंच.)

१८७६ मध्ये पावसाने दडी मारली. दख्खन, मद्रास, म्हैसूर होरपळले, आपल्या नाशिक जिल्ह्यालाही झळ बसली. आता पाऊस न पडणं हा काही कुणाचा गुन्हा नव्हे. पण व्हाइसरॉय लिटन यांना खर्चाची चिंता जास्त होती आणि धान्य परदेशी जातच राहिलं. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडायची ती एवढ्यावर! याच टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशचा तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि फार खर्च केला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. म्हणजे माणसं कशी वाचवायची हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते मुलांना सांगायचा खरा मुद्दा हाच.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत थाटाचा दरबार भरला. काका तिथे खादीत गेले आणि सभेच्या वतीने हक्क मागून आले. इकडे सभा गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडत होती. मजुरी कापल्यावर हजारो मजूर काम सोडून निघाले, तेव्हाही सभा त्यांच्याच बाजूने उभी राहिली. तरी देशभरात ५० लाखांहून अधिक माणसं गेली, असा अंदाज आहे.

हा दुष्काळ पाहून वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. १८७९ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र काकांनी घेतलं.

हे सांगून झाल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, की मग शिक्षा कुणाला झाली? फडक्यांना जन्मठेप झाली. लिटन यांना १८८० मध्ये अर्ल ही पदवी मिळाली, टेंपल पुढे ब्रिटिश संसदेत निवडून गेले. काका २५ जुलै १८८० रोजी वारले. दुष्काळात माणसं जगवणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं मान्य करणारा दुष्काळ आयोगाचा अहवाल त्याच वर्षीचा.