नावाला मुकलेली गायिका

१९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील रेडिओवर एक उदास गाणे सारखे वाजत होते. 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे त्याचे नाव. सोडून जाणाऱ्या प्रियकरापुढे मांडलेली एका मुलीची ती साधी व्यथा. गाणाऱ्या संचाचे नाव 'सुप्रीम्स'. मुख्य आवाज डायना रॉसचा, साथ मेरी विल्सन आणि फ्लोरेन्स बॅलार्ड यांची. साथीच्या वाट्याला मोजकेच शब्द होते. पण या संचाला नाव मिळाले होते ते फ्लोरेन्समुळेच!

फ्लोरेन्सचा जन्म ३० जून १९४३ रोजी डेट्रॉइट शहरात, एका कृष्णवर्णीय कामगाराच्या घरी झाला. वडील जनरल मोटर्समध्ये कामाला. घरात भावंडांचे मोठे लेंढार. आवाज मात्र देवाने सढळ हाताने दिलेला. १९५९ मध्ये वस्तीतल्या मैत्रिणींसह तिने 'प्राइमेट्स' हा संच उभा केला. पुढच्याच वर्षी ओळखीच्या एका माणसाने चाकूच्या धाकाने तिच्यावर अत्याचार केला. त्या जखमेचा व्रण आयुष्यभर राहिला. तरीही ती पुन्हा गाऊ लागली.

जानेवारी १९६१ मध्ये मोटाउन कंपनीने संचाशी करार केला, पण नाव बदलण्याची अट घातली. यादीतून फ्लोरेन्सने 'सुप्रीम्स' निवडले. मैत्रिणींना ते फारसे रुचले नाही. पुढे तीन वर्षे मोठे यश नव्हते. अखेर ज्या गाण्याबद्दल मुली स्वतःच नाखूश होत्या, तेच ऑगस्ट १९६४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यापाठोपाठ आणखी चार गाणी त्याच स्थानी पोहोचली.

यश वाढत गेले, तशी फ्लोरेन्स मागे सरत गेली. मुख्य गायन डायनाकडेच राहिले. मन खचले, मद्य जवळ आले, कार्यक्रम चुकू लागले. १९६७ मध्ये तिला संचातून काढण्यात आले. तडजोडीच्या करारात अट होती, की 'सुप्रीम्स'ची माजी गायिका म्हणून तिची जाहिरात करायची नाही. जे नाव तिने दिले, तेच तिला वापरता येईना!

१९६८ मध्ये विवाह झाला. पुढे तीन मुली झाल्या. त्याच वर्षी काढलेल्या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका चालल्या नाहीत. कंपनीवरचा दावा न्यायालयाने फेटाळला. घर गेले आणि सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड सभागृहात ती पुन्हा गायली, तेव्हा श्रोत्यांनी उभे राहून तिला दाद दिली. नव्या आयुष्याची चाहूल लागली असतानाच २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयविकाराने तिचे निधन झाले. वय अवघे ३२. अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले.

१९८८ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने डायना आणि मेरीबरोबर फ्लोरेन्सचाही गौरव केला. हिरावलेले नाव तिला परत मिळाले, पण ते ऐकायला ती नव्हती. ते जुने गाणे कधी कानी पडलेच, तर क्षणभर मुख्य आवाज सोडून मागची साथ ऐकावी. त्या मोजक्या शब्दांत एक अख्खे आयुष्य आहे.