विश्लेषण : लंगोट की डायपर? तिसरा मार्ग शोधणाऱ्या मॅरियन डोनोव्हन कोण होत्या?

पाऊस सुरू झाला की लोणावळा-खंडाळ्यापासून पवन मावळापर्यंत तान्हे बाळ असलेल्या घरात एक प्रश्न हमखास असतो, लंगोट वाळवायचे कुठे? लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पडवीतल्या दोरीवर टाकलेले कापड दोन-दोन दिवस दमटच राहते. मग डायपरचे पाकीट घरात येते आणि त्याबरोबर खर्चाची आणि कचऱ्याची चिंताही. सुमारे ८० वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका आईसमोर जवळपास असाच पेच होता. तिने त्यावर काय तोडगा काढला आणि आजच्या पालकांना त्यातून काय घेता येईल, याविषयी...

बालपण कारखान्यात

मॅरियन यांचा जन्म १९१७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. माहेरचे आडनाव ओब्रायन. वडील माइल्स आणि त्यांचे जुळे भाऊ जॉन यांचा लेथ यंत्रे तयार करण्याचा कारखाना होता. चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला लेथ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मॅरियन सात वर्षांच्या असताना आई गेली. त्यानंतर शाळा सुटल्यावरचा त्यांचा बराचसा वेळ वडिलांच्या कारखान्यात जाऊ लागला. एखादी वस्तू नीट चालत नसेल तर ती खोलून पाहायची आणि सुधारायची, ही सवय त्यांना तिथेच लागली. वडिलांच्या मदतीने त्यांनी लहानपणीच दात घासण्याची पूड तयार केली होती.

१९३९ मध्ये त्यांनी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली. न्यूयॉर्कमध्ये ‘व्होग’ मासिकाच्या सौंदर्यविषयक विभागात त्या सहायक संपादक होत्या. जेम्स डोनोव्हन यांच्याशी विवाह झाल्यावर आणि मुले झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे संसार थाटला.

न्हाणीघराचा पडदा का कापला?

त्या काळी बाळाला सुती कापडाची घडी बांधत आणि ती सेफ्टी पिनने अडकवत. कापड ओले झाले की बाळाचे कपडे, दुपटे, गादी सगळेच भिजे. त्यावर उपाय म्हणून रबरी चड्ड्या मिळत. पण त्यात हवा खेळत नसे आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठे. म्हणजे गादी वाचवायची की बाळाची कातडी, असा प्रश्न होता.

१९४६ मध्ये मॅरियन यांनी न्हाणीघरातील प्लास्टिकचा पडदा काढला, कापला आणि शिलाई यंत्रावर त्याचे वरून घालायचे आवरण शिवले. पहिला प्रयत्न जमला नाही. असे अनेक पडदे खर्ची पडले. पुढे त्यांनी पॅराशूटसाठी वापरले जाणारे नायलॉन निवडले. पिनांऐवजी टिचबटणे लावली, त्यामुळे बाळाला पिन टोचण्याची भीती गेली. आतली सुती घडी तेवढी बदलायची, आवरण पुन्हा वापरायचे. या आवरणाला त्यांनी ‘बोटर’ असे नाव दिले.

कारखानदारांनी काय केले?

कोणीही ते बनवायला तयार झाले नाही. अशी वस्तू बायकांनी मागितलेलीच नाही, असे उत्पादकांचे म्हणणे पडले. कारखान्यात वाढलेल्या मॅरियन यांनी मग उत्पादन स्वतःच सुरू केले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘साक्स फिफ्थ अव्हेन्यू’ या दुकानात बोटर विक्रीस आले आणि झपाट्याने खपले. १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांनी कंपनी आणि हक्क ‘केको कॉर्पोरेशन’ला १० लाख डॉलरना विकले.

वापरून फेकण्याची कल्पना त्यांचीच का?

पूर्णपणे नाही. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकातच, सुती कापडाचा तुटवडा असताना, लगद्याच्या कागदी घड्या वापरात आल्या होत्या. मॅरियन यांनी मात्र ओल शोषून ती बाळाच्या कातडीपासून दूर नेईल अशा कागदावर काम केले आणि ती कल्पना घेऊन त्या कागद कंपन्यांकडे गेल्या. याची गरज नाही, हे परवडणार नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे १९६१ मध्ये ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने ‘पॅम्पर्स’ बाजारात आणले. त्यामागे कंपनीतील अभियंता व्हिक्टर मिल्स यांचा पुढाकार होता. या धंद्याचा मोठा नफा मॅरियन यांच्या वाट्याला आला नाही.

नंतरचे आयुष्य

त्या थांबल्या नाहीत. १९५८ मध्ये, चाळिशीत, त्यांनी येल विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली. त्या वर्गात मोजून तीन स्त्रिया होत्या. पुढे त्यांनी स्वतःच्या घराचा आराखडाही स्वतःच केला. कपडे टांगण्याच्या सोयीपासून दातांच्या फटी साफ करणाऱ्या दोऱ्यापर्यंत त्यांच्या नावावर एकूण २० पेटंट जमा झाली. जवळपास सगळी घरातल्या रोजच्या अडचणींवरची. ४ नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

मग मावळात काय निवडावे?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये दोन्ही पर्यायांची तुलना केली, तेव्हा पर्यावरणाच्या दृष्टीने कोणताही एक पर्याय स्पष्टपणे सरस ठरला नाही. २००८ च्या सुधारित अहवालात मात्र वापरण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. कापड यंत्राऐवजी दोरीवर वाळवले, एकदम पुष्कळ धुतले आणि तेच दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचे पारडे जड होते. आपल्याकडे थोरल्याचे लंगोट धाकट्याला वापरण्याची पद्धत जुनीच आहे. ऑक्टोबर ते मे या काळात कोरडे ऊन आहे, तोवर मावळात कापड परवडते.

अडचण पावसाळ्याची. दमट लंगोट बांधला तर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. इथे मॅरियन यांचा तिसरा मार्ग उपयोगी पडतो : आत जुन्या मऊ सुती कापडाची घडी आणि वरून जलरोधक आवरण. आजचे टिचबटणांचे ‘कापडी डायपर’ याच कल्पनेवर आधारलेले आहेत. ते घेताना जाड शिवलेल्या गादीपेक्षा उलगडता येणारी पातळ घडी घ्यावी. ती लवकर वाळते. वाळल्यावर इस्त्री फिरवली की उरलेला दमटपणा जातो. रात्री किंवा प्रवासात फेकून देण्याचा डायपर वापरायला हरकत नाही. पण तो कोरडा वाटला तरी दर काही तासांनी बदलावा आणि बाळाला दिवसातून थोडा वेळ मोकळे ठेवावे. पुरळ दोन-तीन दिवसांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेल्या डायपरचे काय करावे?

त्यात प्लास्टिक आणि पाणी धरून ठेवणारे रासायनिक दाणे असतात. त्यामुळे ते खतात कुजत नाही, जाळल्यास विषारी धूर होतो आणि शौचालयात टाकल्यास नळी तुंबते. विष्ठा शौचालयात टाकून डायपर कागदात गुंडाळावे आणि वेगळे द्यावे. घनकचरा व्यवस्थापन नियमांतही तसे बंधन आहे. पुडीवर लाल खूण केली तर कचरा वेचणाऱ्या हातांना आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळते.

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते. घाटात किंवा ओढ्याकाठी टाकलेली पिशवी पहिल्या मोठ्या पावसात त्याच वाटेला लागते. म्हणून डायपरचे पाकीट विकत घेतानाच ते शेवटी कुठे जाणार, हेही घरात ठरलेले असावे.