औंधचे राजे भवानराव आणि बिनभिंतींचा तुरुंग

आमच्या महाबळेश्वरात एके काळी चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ साली बंद झाला. परंतु त्या कैद्यांच्या हातून येथील बागा फुलल्या, भाजीपाला पिकला. कैद्यासही विधायक काम जमते, हे सातारा जिल्ह्याने असे पूर्वीच पाहिले होते. पुढे याच मुलखातील एका राजाने त्या गोष्टीला तत्त्वाचे रूप दिले. त्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान अवघे बहात्तर गावांचे. चित्रकला, कीर्तन आणि सूर्यनमस्कार हीच काय ती या राजाची व्यसने! महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी उदार हस्ते साहाय्य केले. औंधचे प्रसिद्ध संग्रहालय त्यांनीच १९३८ साली उभारले. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता स्वखुशीने प्रजेच्या हाती सोपविली.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत धाडसी कार्य निराळेच आहे. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते संन्यस्त वृत्तीने औंधास येऊन राहिले होते. त्यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळच्या दुष्काळी माळावर १९३९ साली कैद्यांची स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. भोवती भिंत नाही, पायात बेडी नाही. कैद्याने शेत कसावे, बायकामुलांसह नांदावे. गजांच्या जागी विश्वास पहारा देई! व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला होय. त्याची कथा माणदेशचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांची.

१९४८ साली संस्थान विलीन झाले व १९५१ साली भवानराव निवर्तले. तथापि वसाहत सरकारने पुढे चालविली. आज मानसशास्त्रज्ञ गुन्हेगारांच्या व व्यसनाधीनांच्या मनाचा अभ्यास करतात. केवळ शिक्षेने माणूस पालटत नाही; काम, कुटुंबाचा आधार आणि जबाबदारी यांची जोड लागते, असे तेही सांगतात.

आम्ही छत्तीस वर्षे अध्यापन केले. खडू चोरणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही छड्या मारल्या. तो शाळेस कायमचा अंतरला. कपाटाची किल्लीच त्याच्या हाती द्यावी, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. ती खंत आजही उरात आहे.

ज्ञातिबांधवहो, आपल्याही घरांतून कोणी मद्याच्या नादी लागलेला, कोणी तुरुंगातून परतलेला असतो. लोकलज्जेस्तव आपण त्याचे नावही घेत नाही. ज्या राजाने कैद्यांपुढची भिंत पाडली, त्याचे स्मरण करताना निदान आपल्या घराचे दार अशांना उघडे ठेवावे, एवढीच विनंती.