प्रभातच्या गेटवर उपोषणाला बसलेली हिरोईन : शांता आपटे

साल होतं १९३९. जुलै महिना, म्हणजे पुण्यात पावसाचे दिवस.

प्रभात फिल्म कंपनीच्या गेटवर एक बाई उपोषणाला बसली होती. ती कुणी कामावरून काढलेली कामगार नव्हती, कुणा पुढाऱ्याची कार्यकर्तीही नव्हती. ज्या कंपनीच्या दारात ती बसली होती, त्याच कंपनीच्या गाजलेल्या सिनेमांची ती हिरोईन होती. दोनच वर्षांपूर्वी 'कुंकू' पाहून अख्ख्या महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतलं होतं.

तिचं नाव शांता आपटे.

आज पगारासाठी, करारासाठी कलाकार कोर्टात गेले तर आपल्याला नवल वाटत नाही. पण ८० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी सिनेमात काम करणं हेच चांगल्या घरातल्या मुलीसाठी धाडस समजलं जायचं. तिथे एक नटी स्वतःच्या कंपनीविरुद्ध उपोषण करते, हे लोकांच्या कल्पनेबाहेरचं होतं.

तर ही गोष्ट त्या उपोषणाची आहे, त्याच्या आधीची आहे आणि नंतरचीही.

दुधनीची मुलगी, पंढरपूरचं गाणं

शांता आपटे यांचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर. घरात गाण्याची आवड होती आणि पोरीचा गळा चांगला आहे हे लवकर लक्षात आलं. मग पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचं गाण्याचं शिक्षण झालं. पुढे पुण्यात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांमधून ती गाऊ लागली.

तिच्या आयुष्यात मोठा भाऊ बाबुराव आपटे यांचा धाक मोठा होता. गाणं, काम, करार, सगळ्यावर त्यांची नजर असायची.

त्या वेळी भारतीय सिनेमा नुकताच बोलायला लागला होता. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. सिनेमा बोलायला लागला आणि निर्मात्यांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. मूकपटात दिसायला चांगलं असलं की भागायचं. आता पडद्यावरच्या माणसाला गाताही यायला पाहिजे होतं. प्लेबॅकची पद्धत अजून यायची होती. ज्याचा चेहरा, त्याचाच गळा.

अशा वेळी भालजी पेंढारकरांनी १९३२ च्या 'श्यामसुंदर' या सिनेमात शांता आपटे यांना राधेची भूमिका दिली. कृष्ण होते शाहू मोडक. सिनेमा मुंबईत २५ आठवड्यांच्या वर चालला. पहिल्याच सिनेमात एवढं यश मिळालं तरी शांता आपटे हे नाव खऱ्या अर्थाने मोठं व्हायला अजून दोन वर्षं होती.

गाताना हलणारी नटी

प्रभात कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला आली. पुण्यात आल्यावर व्ही. शांताराम यांनी काढलेला सिनेमा म्हणजे १९३४ चा 'अमृतमंथन'.

हा सिनेमा आजही आठवला जातो तो चंद्रमोहनच्या डोळ्यांसाठी. राजगुरूचे ते पडदाभर दिसणारे डोळे पाहून लोक खुर्चीत दचकायचे. पण याच सिनेमात नायकाच्या बहिणीची, सुमित्राची भूमिका शांता आपटे यांनी केली आणि केशवराव भोळे यांच्या संगीतातली त्यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली.

या गाण्यांमध्ये नवीन काय होतं?

तोवरच्या बोलपटांत गाणं म्हणजे जवळपास बैठकच असायची. माइक एका जागी असायचा, त्यामुळे गाणारा नट किंवा नटी एका जागी उभी राहायची आणि कॅमेऱ्याकडे बघत गायची. चेहरा स्थिर, हात स्थिर. रंगभूमीवरून आलेली सवयही तीच होती.

शांता आपटे गाताना हलायच्या. भुवया, डोळे, हात, मान, सगळं गाण्याबरोबर चालायचं. शब्दात राग असेल तर तो आधी डोळ्यांत दिसायचा. गाणं थांबलं आणि अभिनय सुरू झाला असा सांधा त्यांच्या कामात दिसायचाच नाही. आज आपल्याला हे साधं वाटतं, कारण नंतरच्या प्रत्येक हिरोईनने तेच केलं.

१९३६ ला 'अमरज्योती' आला. त्यात दुर्गा खोटे अन्यायाविरुद्ध बंड करणारी समुद्री लुटारू बनल्या होत्या आणि शांता आपटे राजकन्या. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. त्याच वर्षी त्यांचा 'राजपूत रमणी'ही आला.

मग आला 'कुंकू'.

शारदा ते नीरा

'कुंकू' का एवढा गाजला हे समजून घ्यायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल.

म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, हा विषय मराठी माणसाला नवीन नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ ला आलं होतं. त्यात शारदेचं एका म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न मोडतं. पण ते मोडतं कशामुळे, तर वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. शारदेला वाचवायला कोदंड येतो. स्वतः शारदेच्या हातात फार काही नसतं.

१९३७ च्या 'कुंकू'मधली नीरा वेगळी आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा सिनेमा काढला. नीरा आईबापाविना वाढलेली मुलगी. मामा तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाशी तिचं लग्न लावून देतो. इथे लग्न मोडत नाही, कुणी कोदंड येत नाही. लग्न होतं आणि मग खरी गोष्ट सुरू होते.

नीरा हे लग्न मानत नाही. ती घर सोडून पळत नाही आणि रडतही बसत नाही. त्याच घरात राहते आणि नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. म्हाताऱ्याचा वयात आलेला मुलगा तिच्याशी लगट करायला बघतो तेव्हा त्याला चांगलाच चोप देते. नुसत्या बघण्यातून ती घरातल्या मोठ्यांना गप्प करते.

काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी केली होती आणि ती खलनायकाची नव्हती. आपल्या हातून काय पाप झालं हे हळूहळू कळत जाणारा तो माणूस होता. शेवटी तो स्वतःला संपवतो आणि नीराला मोकळं करतो. त्यांची समाजकार्य करणारी मुलगी झाली होती शकुंतला परांजपे. रँग्लर परांजपे यांची ही मुलगी प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाचा प्रचार करत होती. म्हणजे पडद्यावरची चर्चा पडद्याबाहेरही चालूच होती.

या सिनेमात पार्श्वसंगीत नव्हतं. जो आवाज येईल तो त्या दृश्यातल्याच एखाद्या वस्तूचा. गाण्यांनाही हाच नियम. नीराच्या तोंडी एक इंग्रजी कवितासुद्धा होती, अमेरिकन कवी लाँगफेलो याची. १९३७ ला मराठी सिनेमात मराठी मुलगी इंग्रजी कविता गाते आणि ती तिला शोभते, हे ऐकणाऱ्यांसाठी नवलच होतं.

'कुंकू'ची हिंदी आवृत्ती होती 'दुनिया न माने'. प्रभातचे बरेच सिनेमे असे मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत निघायचे. डबिंगचा प्रकार नव्हता. म्हणजे तोच प्रसंग दोनदा करायचा, तोच राग दोनदा आणायचा, तेच अश्रू दोनदा. प्रेक्षकाला एकच नीरा दिसायची, पण शांता आपटे यांनी ती दोनदा जगलेली असायची.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या भांडणाशी तिचा संबंध आहे.

स्टुडिओ म्हणजे कुटुंब, पण पगारी

तेव्हा सिनेमाचा धंदा चालायचा स्टुडिओंवर. कलकत्त्याला न्यू थिएटर्स, मुंबईला बॉम्बे टॉकीज आणि पुण्यात प्रभात. हिरोपासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. करार काही वर्षांचा असायचा आणि तो असेपर्यंत बाहेर काम करता यायचं नाही.

याचे फायदे होते. पगार ठरलेला, काम ठरलेलं, शिस्त चोख. प्रभातचे लोक स्वतःला एक कुटुंब मानायचे आणि त्या शिस्तीतूनच तिथे एकाहून एक सिनेमे झाले, हे नाकारून चालणार नाही.

पण दुसरी बाजूही होती. सिनेमा चालला तर नाव कंपनीचं, पैसा कंपनीचा. कलाकाराच्या नावावर तिकीटं खपली तरी त्याचा पगार करारात लिहिलेला तेवढाच. कधी काम मिळेल, किती मिळेल, बाहेर जाता येईल की नाही, हे सगळं कंपनीच्या हातात.

'कुंकू'नंतर शांता आपटे 'वहाँ'मध्ये दिसल्या आणि १९३८ च्या 'गोपालकृष्ण'मध्ये पुन्हा राधा झाल्या. त्यानंतर करार आणि पैसे यावरून कंपनीशी त्यांचा वाद वाढत गेला. बोलणी झाली, पण मार्ग निघाला नाही.

आणि जुलै १९३९ मध्ये त्या सरळ गेटवर जाऊन बसल्या.

उपोषण हे हत्यार तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. पण ते देशाच्या कामासाठी वापरायचं हत्यार होतं. एक नटी ते आपल्या कामाच्या हक्कासाठी वापरते म्हटल्यावर वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. काहींनी कौतुक केलं, काहींनी याला नाटक म्हटलं. नीराची भूमिका अंगात भिनली आहे, असंही लोक म्हणू लागले.

पण हा नीराचा हट्ट नव्हता. नीरा लेखकाने लिहिली होती. गेटवर बसण्याचा निर्णय शांता आपटे यांचा होता.

उपोषण फार दिवस चाललं नाही. प्रभातशी असलेलं त्यांचं नातं मात्र संपलं.

जाऊ मी सिनेमात?

एवढ्यावर त्या गप्प बसल्या असत्या तर ही गोष्ट एक गॉसिप म्हणून विसरली गेली असती. पण १९४० ला त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तकच लिहिलं.

सिनेमात जाऊ का, हा प्रश्न तेव्हा घराघरांतली मुलं-मुली विचारत होती. शांता आपटे यांनी उत्तर देताना झगमगाटाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. त्यांनी धंदा समजावून सांगितला. पैसा कोण घालतो, नफा कुणाला जातो, करारात माणूस कसा अडकतो आणि कॅमेऱ्यापुढे राबणाऱ्या माणसाचं शरीर कसं थकतं. पडद्यावर सुंदर दिसणारी नटी ही आधी कष्ट करणारी कामगार आहे, हे त्यांना सांगायचं होतं.

आज सिनेमाचा अभ्यास करणारे लोक या पुस्तकाकडे पुन्हा वळलेत, ते यासाठीच. कलाकाराच्या थकव्याला कामाच्या हिशोबात धरलं पाहिजे, हे १९४० ला एका मराठी नटीने लिहून ठेवलं होतं.

पुण्याबाहेरची वाट

प्रभात सुटल्यावर त्यांचं करिअर संपेल असं वाटणाऱ्यांची निराशा झाली.

मद्रासकडून त्यांना तमिळ 'सावित्री'साठी बोलावणं आलं. १९४१ च्या या सिनेमात त्या सावित्री होत्या आणि नारदाच्या भूमिकेत होत्या खुद्द एम. एस. सुब्बुलक्ष्मी. शांता आपटे यांना तमिळ येत नव्हती. त्या ती शिकल्या आणि आपले संवाद, आपली गाणी स्वतः म्हटली. दुसऱ्याचा आवाज घेऊन काम भागवणं त्यांना मान्य नव्हतं.

१९४२ ला त्या लाहोरला पांचोलींच्या 'जमीनदार'मध्ये झळकल्या. त्याच वर्षी देवकी बोस यांच्या 'अपना घर'मध्ये चंद्रमोहनबरोबर होत्या. १९४३ ला 'दुहाई'त नूरजहाँबरोबर. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई. एका कंपनीला बांधून न घेता काम करायची पद्धत पुढे सगळ्यांनी घेतली, त्या आधीपासूनच त्या वाटेवर होत्या.

पण सिनेमा बदलत होता. प्लेबॅक आता पक्कं बसलं होतं. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हे प्रेक्षकांनी स्वीकारलं होतं. १९४६ ला मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा'त शांता आपटे यांच्याबरोबर एक तरुण मुलगी गायली. तिचं नाव लता मंगेशकर. स्वतः गाणाऱ्या नट्यांचा काळ सरत होता आणि पडद्यामागून गाणाऱ्यांचा सुरू होत होता. दोन्ही काळ त्या एका सिनेमात भेटले होते.

त्यानंतर 'भाग्यरेखा', 'शिलंगणाचे सोने' असे मराठी सिनेमे त्यांनी केले. पन्नाशीच्या दशकात पौराणिक सिनेमांत लहान भूमिका मिळत गेल्या आणि हळूहळू त्याही कमी झाल्या. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत अंधेरीला त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. मराठी नाटक-सिनेमांत पुढे नाव कमावणाऱ्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.

प्रभात कंपनी त्याआधीच, १९५३ ला बंद पडली होती. १९६० ला त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आजची एफटीआयआय. दरवर्षी शेकडो मुलं तिथे प्रवेशासाठी धडपडतात. सिनेमात जाऊ का, हा प्रश्न घेऊनच ती येतात.

त्या प्रश्नाचं उत्तर एका बाईने आधी याच जागेच्या गेटवर उपाशी बसून आणि मग पुस्तक लिहून देऊन ठेवलंय. जा, पण आपल्या कष्टाची किंमत आधी आपण ओळखा.