न बोलता शिकवणारे साने गुरुजी

संस्कारवर्ग किंवा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाला एक तरी असा विद्यार्थी भेटतोच, ज्याला शिकायचे नसते. तो येतो, पण मन बाहेर असते. सांगितले तर ऐकत नाही, रागावले तर अधिकच दूर जातो. अशा वेळी शिकवणाऱ्याचीच परीक्षा असते. पूज्य साने गुरुजींचे जीवन या दृष्टीने पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची गरिबी होती. औंधला आणि पुढे पुण्याला त्यांनी अनेक हाल सोसून शिक्षण घेतले. उपाशी पोटी अभ्यास करणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. आईने लहानपणी कधी मायेने, तर कधी कठोर होऊन जे मनावर बिंबवले, तेच त्यांचे खरे धन होते.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केल्यानंतर १९२४ मध्ये ते तेथील शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांच्याकडे छात्रालयाचीही जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून दूर राहणारी ही मुले होती. खोल्या अस्ताव्यस्त, कपडे मळलेले, अंथरुणे पसरलेली. शिस्तीचा बडगा उगारणे सोपे होते. गुरुजींनी तो उगारला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडत, सामान नीट लावून ठेवत, मळलेले कपडे धुऊन टाकत. कुणी आजारी पडले तर उशाशी बसून आईसारखी शुश्रूषा करत.

यात उपदेशाचा एक शब्दही नव्हता. पण आपली खोली गुरुजींनी झाडली, हे कळल्यावर मुलाला आतून लाज वाटे. ही लाज अपमानातून आलेली नव्हती, प्रेमातून आलेली होती. म्हणून ती मुलाला मोडत नसे, घडवत असे. हळूहळू मुले स्वतःच झाडू हाती घेऊ लागली.

सेवेबरोबर विचारांचे खाद्यही हवे, हे गुरुजी जाणून होते. मुलांसाठी ते स्वहस्ते 'छात्रालय' दैनिक लिहीत. दिवसभराचे काम आटोपून रोज नवा मजकूर तयार करायचा, तोही मूठभर मुलांसाठी! कुणी वाचेल, कुणी वाचणार नाही, याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही. पेरणाऱ्याने पेरत राहावे, उगवण्याची घाई करू नये, ही त्यांची श्रद्धा होती.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. तेव्हा गुरुजी शिष्यभावाने बसून ती उतरवून घेत. आज घराघरांत असलेली 'गीता प्रवचने' त्यांच्या या लेखणीमुळे आपल्या हाती आली. शिकवणाऱ्याने शिकणे थांबवू नये, हा याचा अर्थ. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यातला श्याम कितीदा चुकतो, हट्ट करतो, घाबरतो! आई मात्र त्याला सोडून देत नाही. त्या आईचेच मातृहृदय घेऊन गुरुजी अमळनेरच्या मुलांपुढे उभे राहिले होते.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजन बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. पद्धत छात्रालयातलीच होती. तेव्हा न ऐकणारे मूल होते, आता न ऐकणारा समाज होता. दोन्ही वेळा त्यांनी क्लेश दुसऱ्याला दिले नाहीत, स्वतः घेतले. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

आपल्या वर्गातला न रमणारा मुलगा कदाचित शब्दांना कंटाळला असेल. त्याच्यासाठी आपण स्वतः काय करतो, हे तो पाहत असतो. त्याला अजून एक दिवस द्यावा, आणि त्या दिवशी आपल्या हातून एखादे लहानसे काम प्रेमाने घडावे. गुरुजींनी अमळनेरात केले ते एवढेच, पण रोज.